वरच्या खोलीत वायफाय पोचत नाही: नवा डबा घेण्याआधी काय मोजावं आणि वायर कशी न्यावी

प्रश्न असा आहे: नाशिकला इंदिरानगरमध्ये दोन मजली रो-हाऊस. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन. राऊटर खालच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या कपाटात. हॉलमध्ये सगळं झकास चालतं, पण वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत सूनबाई घरून ऑफिसचं काम करतात, तिथे व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. नेटवाला येऊन ‘स्पीड बरोबर आहे’ म्हणून गेला. दुकानदार मेश घ्या म्हणतो, शेजारी रिपीटर घ्या म्हणतात. नेमकं काय घ्यावं?

काका, आज काहीच घेऊ नका. आधी अर्धा तास मोजमापाला द्या. माझा अंदाज आहे की शेवटी तुम्हाला एक वायर वर न्यावी लागेल आणि तिच्या टोकाला एक साधा राऊटर लावावा लागेल. पण मोजल्याशिवाय खर्च केला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. महागडा राऊटर येतो, तोही त्याच कपाटात बसतो आणि वरच्या खोलीत कॉल तसाच तुटतो.

पहिली गोष्ट, नेट आणि वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायबरची बारीक तार तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत जे आणते ते नेट. त्या डब्यातून पुढे मोबाइल-लॅपटॉपपर्यंत हवेतून जे जातं ते वायफाय, म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशन. नेटवाल्याने राऊटरशेजारी उभं राहून स्पीड दाखवला, म्हणजे त्याने पहिला भाग तपासला. तो खोटं बोलत नाहीये. तुमचं दुखणं दुसऱ्या भागात असण्याची शक्यता जास्त, आणि ते सिद्ध करता येतं.

एक लॅपटॉप घ्या आणि राऊटरच्या मागच्या पिवळ्या किंवा ‘लॅन’ लिहिलेल्या भोकाला वायरने जोडा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला ते भोक नसतं, तेव्हा यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. १०० च्या प्लॅनला ९० ते ९५ आले की लाइन ठणठणीत आहे. हा ९४-९५ चा आकडा लक्षात ठेवा. २०० किंवा ३०० चा प्लॅन असूनही वायरवर नेमके ९४ च दिसत असतील, तर राऊटरचं किंवा अडॅप्टरचं भोक जुन्या १०० एमबीपीएस जातीचं आहे, नाहीतर वायरच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. नेटवाल्याशी भांडण्यात तेव्हा अर्थ नसतो.

इथेच एक नेहमीचा गोंधळ मिटवून टाकू. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि फाइलचं वजन आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. ८ बिटांचा १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ एमबीच्या वर जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात ११ ते १२ दिसतो. ‘शंभरचा प्लॅन आणि बाराच मिळतात’ ही तक्रार या हिशोबाने निकालात निघते. आणि व्हिडिओ कॉलला लागतात किती? चांगल्या दर्जाच्या कॉलला ३-४ एमबीपीएस पुष्कळ झाले. सूनबाईंचा कॉल अडकतोय तो स्पीड कमी पडतो म्हणून नव्हे. डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो, त्यातली काही मधे मधे हरवतात म्हणून अडकतो.

आता वरच्या खोलीकडे. फोनवर वायफायच्या चिन्हात दिसणाऱ्या तीन-चार कमानी विसरा. प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने भरते. अँड्रॉइडवर ‘वायफायमॅन’ किंवा कुठलंही वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाका, त्यात सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात दिसतो. आयफोनवर अ‍ॅपलचंच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ अ‍ॅप घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन त्यातला ‘वायफाय स्कॅनर’ चालू करा. आकडा नेहमी उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. उणे ४० म्हणजे राऊटरच्या अगदी जवळ. उणे ६७ पर्यंत कॉल नीट चालतो. उणे ७० च्या खाली धडपड सुरू होते आणि उणे ८० ला वायफाय नुसतं यादीत दिसतं, कामाचं नसतं. हा आकडा साधा सरळ चढत नाही. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, दर १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. हॉलमधल्या उणे ४० वरून वर उणे ७० झाले म्हणजे ३० डीबी गेले, म्हणजेच हजारातला एक भाग वर पोचला.

फोन हातात धरून चालत जा. राऊटरपाशी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, जिना वळतो त्या चौकोनावर, वरच्या दारात आणि शेवटी सूनबाईंच्या टेबलावर, अशा पाच ठिकाणी प्रत्येकी अर्धा मिनिट थांबून आकडा लिहा. राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतो, दोन्हींचे आकडे वेगळे लिहा. दोन्हींचं नाव एकच असेल तर राऊटरच्या सेटिंगमध्ये तात्पुरती दोन नावं करून घ्या. तुमच्यासारख्या घरात साधारण चित्र असं निघतं: जिन्याच्या पायथ्याशी उणे ५५, वळणावर उणे ६२-६३, आणि टेबलावर २.४ वर उणे ७२ तर ५ वर उणे ८५ च्या पुढे. आकडा कुठे एकदम घसरतो ते बघा. अडथळा तिथे आहे.

दुसरी कसोटी पिंगची, म्हणजे एक छोटं पाकीट पाठवून त्याचं उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. फोनवर पिंगची मोफत अ‍ॅप मिळतात. टेबलावर बसून आधी राऊटरच्या पत्त्यावर, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, पाच मिनिटं पिंग चालवा. मग गुगलच्या ८.८.८.८ वर तितकाच वेळ. राऊटरकडून उत्तर २ ते १० मिलिसेकंदात येत राहिलं आणि गुगलचं मात्र अडखळलं, तर दोष बाहेरच्या लाइनचा, नेटवाल्याला हे दाखवा. राऊटरचंच उत्तर कधी ५, कधी ३००, कधी गायब असं होत असेल, तर दोष तुमच्या घरातल्या हवेतला आहे आणि नेटवाला तिथे काही करू शकत नाही. मला विचाराल तर या सगळ्या उत्तरातली ही पाच मिनिटं सर्वांत मोलाची. यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

समजा दोष हवेतला निघाला. मग हे का होतं?

रो-हाऊसचा स्लॅब साधारण पाच इंच जाडीचा, आत सळयांची जाळी. वायफायच्या लाटेची लांबी २.४ गिगाहर्ट्झला सुमारे १२ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झला साधारण साडेपाच. धातूची जाळी आणि काँक्रीटमध्ये मुरलेला ओलावा दोन्ही तिला खातात, आणि ५ गिगाहर्ट्झवाली लाट जास्त खाल्ली जाते. ढोबळमानाने विटांच्या भिंतीला ५ ते १० डीबी आणि स्लॅबला १५ ते २० डीबी जातात. त्यातही तुमची खोली राऊटरच्या बरोबर डोक्यावर नाही, मागच्या बाजूला आहे. म्हणजे लाट स्लॅबमधून तिरपी जाते आणि पाच इंचांऐवजी आठ-दहा इंच काँक्रीट कापते, वर एखादी आडवी भिंत. म्हणूनच ‘दहा फुटांवर तर आहे’ हे अंतर फसवं असतं. मोकळ्या गच्चीवर हाच राऊटर शंभर फुटांवरही बरा चालेल.

मधे काय काय येतं तेही बघा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा (त्याच्या मागे धातूचा थर असतो), भरलेली पाण्याची टाकी, मधल्या बाथरूमच्या भिंतीतले पाइप. पाणी आणि धातू हे वायफायचे दोन मोठे शत्रू. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे दूध गरम करायला लावलं की २.४ वरचा कॉल अडखळतो. पंचवटी किंवा भद्रकालीकडच्या जुन्या वाड्यांत तर काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती असतात. तिथे हवेतून पलीकडच्या खोलीत जाण्याची अपेक्षाच ठेवू नये, सरळ दर खोलीला वायर न्यावी.

आता फुकटचे उपाय, कारण कधी कधी यावरच भागतं.

राऊटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्रा, आणि कपाटात उष्णताही कोंडते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचं तापमान चाळिशीला टेकतं तेव्हा बंद कपाटातला राऊटर मधेच स्वतःहून बंद-चालू होऊ लागतो. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, शक्यतो जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर लावा, कारण जिन्याचा मोकळा भाग हा स्लॅबमधला एकमेव झरोका आहे. फायबर तिथपर्यंत न्यायची असेल तर नेटवाल्यालाच बोलवा. ती तार केसाएवढ्या काचेची आहे. कोपऱ्यात काटकोनात दुमडली किंवा खिळ्याखाली दाबली की प्रकाश तिथेच गळतो. हिरव्या टोकाचा जोड उघडून आत डोकावू नका. आतला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

अँटेना असतील तर त्यांचं तंत्र असं: मेदूवड्याच्या भोकात काडी उभी धरली तर काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे सिग्नल. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने म्हणजे वरच्या मजल्याकडे अगदी कमी जातो. दोन अँटेना असतील तर एक उभी ठेवा, दुसरी आडवी करा. कधी कधी एवढ्यावर वर ४-५ डीबी वाढतात.

मग चॅनल, म्हणजे त्या रेडिओ पट्टीतला राऊटरने धरलेला भाग. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांत न मिसळणारे तीनच, १, ६ आणि ११. रो-हाऊसच्या रांगेत भिंतीला भिंत लागून असते, त्यामुळे यादीत शेजाऱ्यांची दहा-पंधरा नावं सहज येतात. अ‍ॅपमध्ये बघून या तिघांपैकी ज्याच्यावर गर्दी कमी तो निवडा, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर शेजाऱ्यांशी जास्त टक्कर होते आणि स्पीड उलट पडतो. ३ किंवा ८ असला मधला चॅनल निवडू नका, तिथे दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला ठेवा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारशी वाटून घेतलेले आहेत. त्यांवर राऊटरला आधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. मीटिंग चालू असताना ते नको.

एवढं करून टेबलावर उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा आला आणि पिंग स्थिर झालं तर थांबा. काम झालं.

नाहीच झालं, तर रिपीटर आणि मेश यांचं काय ते सांगतो. रिपीटर म्हणजे ऐकून पुन्हा ओरडून सांगणारा. बहुतेक स्वस्त रिपीटर एकाच रेडिओने ऐकतात आणि त्याच रेडिओने बोलतात, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. लोक चूक करतात ती वेगळीच. जिथे सिग्नल नाही त्याच खोलीत ते रिपीटर लावतात. मग फोनवर सगळ्या कमानी भरलेल्या दिसतात, कारण रिपीटर शेजारी आहे, पण रिपीटरला स्वतःलाच उणे ८० ऐकू येतंय. त्याची जागा जिन्याच्या वळणावर, जिथे उणे ६० ते ६५ येतो तिथे. मेश हे त्याचंच सुधारलेलं रूप. डबे आपापसात समजूतदारपणे बोलतात, फोन एका डब्याकडून दुसऱ्याकडे सुरळीत जातो. पण दोन डब्यांच्या मधे तोच स्लॅब असला तर मेशही तिथेच अडखळतो. मेश वाईट नाही. मेशचे डबे वायरने जोडता येतात आणि तेव्हा ते उत्तम चालतात. म्हणजे वायर टाकायचीच आहे, मग आधी वायर टाका आणि डबा कोणता ते नंतर बघा.

वायर कॅट-६ दर्जाची नेटवर्कची घ्या. गिगाबिट स्पीड १०० मीटरपर्यंत नेण्याची तिची क्षमता असते, तुमच्या घरात वीस-पंचवीस मीटर लागतील. मोजताना सरळ रेषेत मोजू नका. दोरी घेऊन खरोखर ज्या वाटेने वायर जाणार त्या वाटेने मोजा, दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा धरा. दुकानात एक गोष्ट जरूर बघा. टोकाची एक बारीक तार घेऊन ब्लेडने हलकेच खरवडा. आतून तांबूसच राहिली तर शुद्ध तांबं. वरचा लालसर थर निघून आत चांदीसारखी पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. ही तार स्वस्त पडते, पण दोन-तीनदा वाकवली की तुटते, जोडात सैल होते, आणि वायरमधूनच वीज देऊन कॅमेरे चालवायचे म्हटलं तर तापते. लोहचुंबक लावून बघण्याने काही कळत नाही, कारण तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींना तो चिकटत नाही. एम. जी. रोडवर असो की तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, ‘शुद्ध तांब्याची कॅट-६’ असं तोंडाने मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

वाट कोणती? तुमच्या घरात गच्चीवरून हॉलपर्यंत केबल टीव्हीची किंवा डिशची जुनी वायर भिंतीतल्या पाइपमधून आलेली असेल. ती वापरात नसेल तर तिच्यासारखा ओढदोर नाही. तिच्या वरच्या टोकाला कॅट-६ निमुळती बांधा, वरून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे गाठ अडकणार नाही. खालून एकाने हळू ओढायचं आणि वरून दुसऱ्याने वायर सोडत जायचं. हिसका देऊ नका, आतले पीळ ताणले जातात. डिश चालू असेल तर जुनी वायर काढू नका. पाइपमध्ये जागा असली तर स्टीलची किंवा नायलॉनची फिशिंग वायर टाकून शेजारून न्या.

विजेच्या वायरींच्या पाइपमधून मात्र ही वायर कधीही नेऊ नका. ‘जागा आहे, टाकून देतो’ असं इलेक्ट्रिशियन म्हणेल. नको म्हणा. २३० व्होल्टच्या वायरीचं वेष्टण उद्या कुठे सोललं तर तो दाब थेट राऊटरच्या आणि लॅपटॉपच्या धातूवर येतो, हा पहिला धोका. सिग्नलमध्ये गोंगाट हा दुसरा. भिंतीवरून समांतर जायचं तर फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

बाहेरच्या भिंतीवरून न्यायची झाली तर घरातली राखाडी-निळी वायर उघड्यावर टाकू नका. उन्हाने तिचं वेष्टण दोन-तीन वर्षांत तडकतं आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. बाहेरच्या वापराची काळी वायर घ्या किंवा साधी वायर पीव्हीसी पाइपमधून न्या. भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूला उतार ठेवा, आणि वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, आत येणार नाही. वरून सिलिकॉन भरा. शेजारच्या बंगल्यात किंवा अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत तांब्याची वायर नेऊ नये, वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे फायबर लागते.

आता टोकं. दोन्ही टोकांना भिंतीवर जॅकची पेटी बसवून तिथून तयार छोटी वायर लावणं हे सर्वांत टिकाऊ. तरी आरजे-४५ प्लग स्वतः लावायचा असेल तर असं करा. बाहेरचं वेष्टण साधारण इंचभर सोला. आत चार जोड्या पिळलेल्या दिसतील. मधे प्लास्टिकचा क्रॉस असेल तर तो कापून टाका. जोड्या उलगडा, तारा सरळ करा आणि या क्रमाने शेजारी शेजारी लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बोटांनी घट्ट धरून टोकं सरळ एका रेषेत कापा, अर्ध्या इंचाच्या आसपास तारा उघड्या राहतील अशा. प्लगची खिटी खाली आणि वायर शिरण्याचं तोंड तुमच्याकडे धरलं की डावीकडे पहिली तार. तारा आत पार टोकापर्यंत गेल्या का ते प्लगच्या समोरून बघा, आठही टोकं चमकली पाहिजेत. बाहेरचं वेष्टण प्लगच्या आत जाऊन त्या छोट्या पाचरीखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ बसली की तारा सुटतात. मग क्रिंपिंगचा पक्कड एकदाच जोरात दाबा. प्लग कॅट-६ चाच घ्या, कॅट-५ च्या प्लगमध्ये जाड तार नीट जात नाही.

एक चूक अशी आहे की ती टेस्टरलाही सापडत नाही. काहीजण रंग लक्षात राहावेत म्हणून जोड्या ओळीने लावतात: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना सारखंच केल्यामुळे साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. पण सिग्नलची एक जोडी ३ आणि ६ क्रमांकावर असायला हवी, आणि ती एकाच पिळातली असायला हवी. ओळीने लावल्यावर ३ ला एका पिळाची तार येते आणि ६ ला दुसऱ्या पिळाची. पीळ हाच गोंगाट खोडून काढत असतो, तो तुटला की लाइन लागते पण स्पीड पडतो, लांब वायरवर तर लाइन लागत-जात राहते. म्हणून हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते हे डोळ्यांनी बघून खात्री करा.

वायर झाली की वर राऊटर. घरात जुना पडून असेल तर तोही चालेल, निदान ५ गिगाहर्ट्झ असलेला हवा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, मग वेगळं काही करावं लागत नाही. नसेल तर क्रम महत्त्वाचा आहे. तो राऊटर खालच्याला न जोडता आधी नुसता लॅपटॉपला जोडा. वायफायचं नाव-पासवर्ड ठेवा आणि चॅनल खालच्यापेक्षा वेगळा द्या, खाली १ असेल तर वर ६. मग डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. सर्वांत शेवटी त्याचा स्वतःचा पत्ता बदला: खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरचा १९२.१६८.१.२. पत्ता बदलल्याबरोबर ते पान दिसेनासं होतं, घाबरू नका. खालच्या राऊटरच्या डीएचसीपीची सुरुवात १० पासून करून ठेवा, म्हणजे २ हा पत्ता तो दुसऱ्या कुणाला देणार नाही. आता वर आलेली वायर वरच्या राऊटरच्या ‘लॅन’ भोकात लावा. ‘वॅन’ किंवा निळं भोक रिकामं राहू द्या.

डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारा. वाटणारा एकच हवा. दोन्ही राऊटर पत्ते वाटू लागले तर काही फोनना बाहेरची वाट भलतीच सांगितली जाते, आणि ‘वायफाय जोडलंय पण नेट नाही’ असं अधूनमधून होत राहतं. वर राऊटर लावल्यावर येणाऱ्या तक्रारींचं हे पहिलं कारण.

दोन्हीकडे वायफायचं नाव एकच ठेवलं तर फोन आपला आपण बदलतो, पण काही फोन खालच्याला चिकटून राहतात. सूनबाईंचा लॅपटॉप जागचा हलत नसेल तर वरच्या राऊटरला वेगळं नाव द्या, सरळ काम. त्याहून बरं म्हणजे लॅपटॉपलाच राऊटरच्या दुसऱ्या लॅन भोकातून वायर लावा. कामाच्या कॉलला वायरइतका भरवसा हवेचा नाही.

राहिला विजेचा प्रश्न. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरची कळ यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज जाताना पडणाऱ्या क्षणभराच्या खंडाने राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि लाइन परत लागायला दोन-तीन मिनिटं जातात. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेलं वाचा. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ दिले तर तो जळू शकतो. पिनही तपासा, बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं, आणि चुकीची घेतली तर सैल बसते किंवा आत जातच नाही.

यूपीएसच्या डब्यावरच्या एमएएचच्या, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ६,६०० एमएएच म्हणजे सुमारे २४ वॉट-तास, रूपांतरात जाणारं वजा करून २० धरा. फायबरचा डबा आणि राऊटर मिळून ८ वॉट खात असतील तर अडीच तास. वरचा राऊटर विसरू नका, त्यालाही वेगळा यूपीएस हवा, नाहीतर खाली नेट चालू आणि वर अंधार.

यूपीएस असूनही वीज गेल्यावर नेट जात असेल तर फायबरच्या डब्यावरचा ‘लॉस’ लिहिलेला दिवा बघा. लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे दोष बाहेर आहे: नेटवाल्याच्या यंत्राला बॅकअप नाही किंवा तार तुटली. अशा वेळी राऊटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही. लाल नाही पण नेट रडतखडत चालतंय, विशेषतः पाऊस लागल्यावर, तर नेटवाल्याला ‘ऑप्टिकल पॉवर किती येतेय’ एवढंच विचारा. म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद. ती उणे १५ ते उणे २४ डीबीएममध्ये असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास गेली की लाइन काठावर आहे आणि कुठेतरी जोड खराब झालाय किंवा तार दुमडलीय. हा आकडा विचारला की समोरचा माणूसही नेमकं बोलू लागतो.

सगळं बसवून झाल्यावर वरच्या खोलीचं दार लावून, टेबलावर बसून तीच मोजमापं पुन्हा घ्या: डीबीएम, राऊटरचं पिंग, गुगलचं पिंग, स्पीड. तारखेसह एका कागदावर लिहा आणि राऊटरच्या पाठीला चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा कॉल अडकला तर पहिल्यांदा तो कागद बघा आणि कुठला आकडा बदललाय ते शोधा.